कोरा नमुना

वडाळ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये
मसाल्याच्या गोदामाच्या बरोब्बर वर आमची लॅब.
जिन्यात हळद, आत हेलियम.

पहिल्या दिवशी तुस्कानो मॅडम म्हणाल्या,
बटणाला हात नाही लावायचा. आधी ऐक.
पंपाची घरघर एकसारखी असेल तर तब्येत बरी,
मध्येच खाकरला तर मला हाक मार.
आठवडाभर मी नुसती ऐकत बसले,
दवाखान्यात बसते तशीच.

मग नळी दाखवली. तीस मीटर, केसापेक्षा जरा जाड,
भट्टीत वेटोळं घालून बसलेली.
नमुना वाफ होऊन एका टोकाने शिरतो,
आतल्या भिंतीशी ज्याची जितकी ओढ
त्याला तितका उशीर.
कोण किती मिनिटांनी बाहेर पडलं
यावरून माणूस ओळखायचा.
(त्या रेणूलाही माणूसच म्हणतात.)

पुढे त्याला फोडायचं
आणि तुकड्यांवरून नाव सांगायचं.
पडद्यावर उठतं ते पीक.
मी वहीत लिहिलं: पीक, कापायचं नाही, मोजायचं.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी माझ्या एकटीवर सोपवला
कोरा नमुना.
त्यात काहीच नसतं, नुसता सॉल्व्हंट.
यंत्र स्वच्छ आहे ना, एवढंच बघायचं.
काहीच नाहीये तर हातमोजे कशाला,
म्हणून मी उघड्या बोटांनी बाटलीचं झाकण लावलं.

सपाट रेघ. सपाट. सपाट.
नऊ मिनिटं, चोवीस सेकंद,
आणि रेघ ताठ उभी राहिली.

घोस्ट पीक, सुहेल म्हणाला,
घाडी, तुझ्या आडनावाचं काम आलं बघ.
माझे आजोबा देवगडकडे देवळात
तांदूळ लावून कौल घ्यायचे,
कुणाचं काय राहिलंय, कुठे अडलंय ते सांगायचे.
हे मी लॅबमध्ये कशाला सांगितलं होतं कोण जाणे.

मॅडमनी चष्मा वर केला. तुकडे वाचले:
अडुसष्ट, त्र्याण्णव, एकशे छत्तीस.
लायब्ररीने जुळवून दिलं,
लिमोनीन, चौऱ्याण्णव टक्के.
मॅडम माझ्या हाताकडे बघून हसल्या.
संत्रं कुणी सोललं?

मी म्हटलं, मी. सॉरी.
एवढंच म्हटलं.

सायन हॉस्पिटल, सकाळचे आठ.
विरारच्या मावशीने पाठवलेली संत्री,
आणि सिस्टर म्हणाली, यांना नाही हं,
पोटॅशियम वाढेल.
बाबा म्हणाले, सोल तर खरी.
सोललं. त्यांनी सालीचा तुकडा
नाकाशी धरला, बोटाने मोडला,
बारीक फवारा उडाला उन्हात.
फोडी मी खाल्ल्या, त्यांच्या देखत, एकेक,
ते सांगत होते, बी थुंक, गिळू नकोस.

यंत्राने सगळं बरोबर ओळखलं.
कुणासाठी सोललं, हे त्याला
कुणी विचारलंही नव्हतं.

नोंदवहीत लिहिलं:
कारण, हाताळणीतील चूक. उपाय, हातमोजे.
पुन्हा कोरा नमुना. पुन्हा सपाट रेघ,
या वेळी शेवटपर्यंत.
मॅडमनी सही केली.
त्या सहीखाली मी माझी केली, जरा वाकडी.

त्या पिकाची एक जादा प्रत मात्र
मी छापून घेतली, घडी घालून डब्यात ठेवली.

संध्याकाळी बाबांनी ती उलटसुलट पाहिली,
बेस्टच्या डेपोत तीस वर्षं वायरमन,
रेघा वाचायची सवय.
हे काय, माझा ईसीजी?
नाही, संत्रं. सकाळचं.
त्यांनी कागद लांब धरला,
टोकावर बोट ठेवलं, तिथेच ठेवलं थोडा वेळ,
आणि म्हणाले,
आंबट असणार.